मळीची माती आणि आमचे घर

आमच्या वाळवा तालुक्यात ‘मळी’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. साखर कारखान्यात उसाच्या रसातून साखर निघाल्यावर जो काळा, चिकट द्रव उरतो ती एक मळी. कृष्णेने शेकडो पुरांत आणून टाकलेल्या गाळाची काठावरची सुपीक जमीन ती दुसरी. पहिली मळी टँकरने मद्यार्काच्या प्रकल्पाकडे जाते. दुसरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून वीटभट्टीकडे जाते. पहिलीच्या जाण्याने कोणाचे काही अडत नाही, कारण पुढच्या हंगामात ऊस पुन्हा येतो. दुसरीचे तसे नाही.

ही दुसरी मळी आमच्या दारात विटा होऊन येणार, हे आमच्या ध्यानात आले ते घराचा आराखडा हाती पडल्यावर. आम्ही उभयतां मूळचे वसईचे. शिक्षकी पेशाच्या निमित्ताने इस्लामपुरास आलो आणि तीस वर्षांत इथलेच होऊन गेलो. (२०२५ साली शासनाने गावाचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय जाहीर केला, आमच्या जिभेवर मात्र जुने नाव बसले आहे, ते वाचकांनी चालवून घ्यावे.) निवृत्तीनंतर भाड्याची खोली सोडून गावाबाहेर तीन गुंठ्यांच्या बिगरशेती प्लॉटवर स्वतःचे छप्पर उभारावे असे ठरले. मुलांच्या आग्रहावरून इंजिनिअरांनी दोन मजल्यांचा, अठराशे चौरस फुटांचा आराखडा काढून दिला. त्याच्या पाठीवर पेन्सिलीने आकडे होते : विटा चाळीस हजार, सिमेंट सातशे वीस गोणी, शिवाय वाळू, खडी आणि सळई.

आमच्यापैकी एकाने आयुष्यभर गणित शिकविले असल्याने आकडा दिसला की तो मांडून पाहण्याची खोड आहे. नऊ बाय चार बाय तीन इंचांच्या चाळीस हजार विटा म्हणजे, सुकण्यात आटणारी आणि फुटीत जाणारी माती धरून, सुमारे अठ्ठावीस ब्रास माती होते. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. शेतातून एक फूट खोल माती काढली तर अठ्ठावीस ब्राससाठी अठ्ठावीसशे चौरस फूट जमीन सोलावी लागेल. म्हणजे अडीच गुंठ्यांहून अधिक. थोडक्यात, आमच्या तीन गुंठ्यांच्या प्लॉटएवढाच दुसरा एक तुकडा नदीकाठी कोणाच्या तरी रानात उघडा पडणार होता, आणि त्याचा सातबारा आमच्या नावे नव्हता.

ते ‘कोणाचे तरी’ रान कोणाचे, हे शोधावयास फार लांब जावे लागले नाही. आमच्या परिचयातील एका शेतकऱ्याने त्याच हिवाळ्यात आपल्या मळीतील चार फूट माती भट्टीला दिली होती. घरात दीर्घ आजार, आठवड्यातून दोनदा दवाखाना, आणि उसाचे बिल हाती पडावयास अजून अवकाश. मातीचे पैसे मात्र रोख. त्यांच्या दारी चहा घेताना आम्ही भीतभीतच विषय काढला. ते शांतपणे म्हणाले, “गुरुजी, माती काय, पूर आला की परत येती. माणूस येतंय व्हय?” या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते आणि आजही नाही.

परंतु माती परत येते, हा त्यांच्या आजोबांचा अनुभव आता पुरता खरा राहिलेला नाही. वरच्या अंगाला धरणे झाल्यापासून पुष्कळसा गाळ जलाशयांतच बसतो. आणि पूर आला तरी तो येताना गाळ किती देईल व जाताना काठ किती नेईल, याचा नेम नाही. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन महापुरांनी कृष्णाकाठाला हे दाखविले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेले. तेथील धोक्याची पातळी पंचेचाळीस फुटांची आहे. अशा पाण्यात चार फूट खोल केलेले रान तळ्यासारखे भरते. शेजारच्या रानातले पाणी ओसरते, याचे मात्र थांबून राहते, आणि खड्ड्याच्या कडा ढासळत शेजाऱ्याच्या बांधापर्यंत जातात. एकाने विकलेल्या मातीचा हिशोब अशा रीतीने दुसऱ्याच्या रानात होतो.

दिवाळी सरली की भट्ट्यांचे काम सुरू होते आणि पाऊस जवळ येईतो चालते. माती भिजवावयाची, तीत कारखान्याची राख मिसळावयाची, तुडवून चिखल करावयाचा, साच्यातून विटा पाडून उन्हात वाळवावयाच्या आणि मग रचून कोळशावर वा बगॅसवर भाजावयाच्या. मजूर दुष्काळी तालुक्यांतून आणि सीमेपलीकडून येतात. नवराबायको जोडीने उचल घेतात आणि ती फिटेपर्यंत पाल ठोकून राहतात. मुले पालाबाहेर विटांच्याच गाड्या करून खेळतात. शाळेच्या पटावर त्यांची नावे पाच महिन्यांपुरती येतात आणि जातात. आमच्या वर्गांतूनही ती अशीच येऊन गेली. वीट ‘इको-फ्रेंडली’ आहे की नाही याची चर्चा करणाऱ्यांनी त्या मुलांची चौकशीही करावी, असे आम्हांस वाटते.

पर्यावरणाचा विषय निघाला की सुशिक्षित माणूस लगेच जुन्या मातीच्या घरांचे गोडवे गाऊ लागतो. आम्हांलाही ती घरे प्रिय आहेत. आमच्या बालपणीच्या वसईतील कौलारू घर, पुढची ओटी, मागची वाडी आणि वाडीतले बावखल अजून डोळ्यांपुढे येते. इथल्या खेड्यांतली धाब्याची घरे, पांढऱ्या मातीचे माळवद, सोपा, माजघर, खणांवर मोजलेली लांबी हेही आम्ही पाहिले, त्यांत राहिलो. ती उन्हाळ्यात गार असत, हे खरे. पण ज्यांनी ११ डिसेंबर १९६७ ची पहाट या भागात काढली, त्यांच्यापुढे मातीच्या घराचे कौतुक जपून करावे लागते. कोयनेच्या त्या भूकंपात दगडमातीच्या भिंती निजलेल्या माणसांवर पडल्या आणि पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली. पुढे ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला तर सुमारे दहा हजार जीव गेले. जाड, ओबडधोबड दगडांच्या भिंती, सांध्यांत नुसता चिखल आणि वर मातीचे मणामणांचे माळवद, ही रचनाच तिथे घातक ठरली. त्यानंतर मराठवाड्यातल्याच नव्हे, आमच्याकडल्या माणसानेही सिमेंटकडे धाव घेतली, ती हौसेपोटी नव्हे. आपल्या लेकरांच्या अंगावर छत पडू नये एवढीच त्याची इच्छा होती. तिला ‘काँक्रीटचे वेड’ म्हणणे आम्हांस अन्यायाचे वाटते.

पण सिमेंटचा हिशोबही मांडला पाहिजे. चुनखडीचा दगड सुमारे साडेचौदाशे अंशांवर भाजला की त्याच्या पोटातला कार्बन वायू बाहेर पडतो, आणि भाजण्यासाठी जाळलेल्या कोळशाचा धूर वेगळाच. सिमेंटच्या प्रतीनुसार दर टनामागे सहाशे ते नऊशे किलो कार्बन डाय-ऑक्साइड हवेत जातो. आमच्या आराखड्यातल्या सातशे वीस गोण्या म्हणजे छत्तीस टन सिमेंट. जगभर इमारती बांधण्यात आणि वापरण्यात मिळून ऊर्जेशी निगडित कार्बन उत्सर्जनाचा एक तृतीयांशाहून अधिक वाटा जातो, असे संयुक्त राष्ट्रांचे अहवाल सांगतात. इस्लामपुरातल्या एका निवृत्त जोडप्याच्या घराने पृथ्वी तापत नाही, हे आम्ही जाणतो. तथापि त्या एक तृतीयांशात कोणाचे ना कोणाचे घर आहेच. वाळूची गोष्ट अशीच. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने गौण खनिजांच्या लहान खाणींनाही पर्यावरण परवानगी आवश्यक केली. त्यानंतर नदीची वाळू महाग झाली आणि क्रश सँड आली. नदी थोडी सुटली, पण टेकडी धरली गेली, कारण क्रश सँड डोंगर फोडूनच होते.

आम्ही पर्याय शोधले. दाबून केलेल्या, न भाजलेल्या मातीच्या विटांविषयी वाचले होते. त्यांत जेमतेम पाच-सात टक्के सिमेंट लागते. परंतु आमच्या प्लॉटवरची काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते, तिच्या अशा विटा टिकत नाहीत. राखेचे हलके ठोकळे दुरून ट्रकने यावयाचे. म्हणजे भाजलेली वीट टाळता येईना. मग प्रश्न उरला तो तिची संख्या कमी करण्याचा.

सर्वांत मोठी बचत झाली ती कोणत्याही तंत्राने नव्हे, खोल्या खोडून. दुसरा मजला गेला. पाहुण्यांची खोली आणि दर्शनी दिवाणखाना एक झाले. देवघराचा कोनाडा मात्र ठेवला. अठराशेचे साडेआठशे चौरस फूट झाले. हे लिहावयास सोपे आहे. घरात ते ठरावयास चार महिने लागले. थोरला मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, “बाबा, आम्ही सगळे नाताळला आलो तर झोपायचं कुठे?” त्याच्या आईने उत्तर दिले, “तुम्ही वर्षातून चार दिवस येता रे. त्या चार दिवसांसाठी तीनशे एकसष्ट दिवस झाडायच्या खोल्या मी बांधणार नाही.” तो रागावला. धाकटी मध्ये पडली. त्या नाताळात सगळे आले तेव्हा सोप्यात गाद्या पसरल्या होत्या. आता तो रागावलेला नाही, पण पटले असेही त्याने म्हटलेले नाही.

वसईच्या नातेवाइकांना आमचे हे करणे अधिक लवकर उमगले, कारण त्यांनी दुसरी बाजू सोसली आहे. बावखले बुजून त्यांवर इमारती चढताना त्यांनी पाहिल्या. ‘सुवार्ता’चे संपादक राहिलेले, २०२४ साली प्रभुघरी गेलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या चळवळीत लोकांना रस्त्यावर आणले, ते विहिरीचे पाणी आणि वाडीची हिरवळ राखण्यासाठी. पोप फ्रान्सिस यांचे ‘लाऊदातो सी’ हे परिपत्रक २०१५ साली आले. पृथ्वी हे आपणा सर्वांचे सामायिक घर आहे, हा त्याचा विषय. आणि त्यात विनाकारण जळणारे दिवे विझविणे, पाणी जपून वापरणे अशा अगदी घरगुती गोष्टींचाही उल्लेख आहे. वसईकर म्हणतात, हे आम्हांला आधीच ठाऊक होते. असो.

विटा आणखी कमी करावयाची युक्ती आम्हांस लॉरी बेकर यांच्या कामातून मिळाली. हे इंग्लंडात जन्मलेले वास्तुशिल्पी केरळात स्थायिक झाले आणि २००७ साली तिथेच निवर्तले. घरासाठी लागणारे साहित्य पाच मैलांच्या परिघातले असावे, हा गांधीजींचा विचार त्यांनी आयुष्यभर धरला. त्यांनी रूढ केलेल्या ‘रॅट-ट्रॅप’ बांधणीत विटा आडव्या न घालता कडेवर उभ्या लावतात. नऊ इंची भिंतीच्या पोटात पोकळी राहते. सुमारे चौथा हिस्सा विटा वाचतात, मसालाही कमी लागतो, आणि पोकळीतल्या हवेमुळे उन्हाची झळ आत कमी येते.

हे आम्ही आमच्या मिस्त्रींना कागदावर काढून दाखविले. तीस वर्षे गवंडीकाम केलेला माणूस. त्यांनी कागद उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, “गुरुजी, भिंत पोकळ ठिवायची म्हंजे गावात माझं नाव जाईल बघा. लोक म्हणतील मिस्त्रीनं इटा खाल्ल्या.” त्यांची भीती रास्त होती, अशा धंद्यात नाव हेच भांडवल. शेवटी कुंपणाच्या कोपऱ्यात चार फूट भिंत नमुन्यादाखल उभी केली. आठ दिवस पाणी मारल्यावर त्यांनीच तिच्यावर चढून उडी मारून पाहिली. मग कामाला लागले, पण खरी अडचण पुढेच होती. भट्टीच्या विटा एका मापाच्या नसतात. एक फुगीर, एक वाकडी, मध्येच एखादे खंगर. विटा कडेवर उभ्या करावयाच्या तर माप नेमके हवे. तेव्हा आमच्यापैकी एक जण रोज सकाळी ढिगापाशी बसून विटा निवडू लागला : सरळ त्या बाहेरच्या भिंतींना, वाकड्या जोत्यात आणि पायऱ्यांत. मजूर हसत, “गुरुजी पेपर तपासायला बसले.” अखेरीस चौदा हजारांच्या आसपास विटा लागल्या, म्हणजे दहा ब्रास माती, गुंठ्याला थोडी कमी.

भूकंपाचा विचार इंजिनिअरांनी सोडू दिला नाही, याबद्दल त्यांचे आभार मानावयास हवेत. जोत्यापाशी, खिडक्यांच्या वर आणि छताखाली सळईचे काँक्रीट पट्टे घातले; त्यामुळे चारही भिंती पेटीसारख्या एकमेकींना धरून राहतात. कोपऱ्यांतल्या पोकळीत उभ्या सळ्या सोडून त्या काँक्रीटने भरल्या. पोकळ भिंतीचा हा फायदा मिस्त्रींनाही आवडला. पायाला आम्ही काटकसर केली नाही. खडकावर घर बांधणाऱ्या शहाण्या माणसाचा दाखला आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. काळ्या मातीच्या मुलुखात तो शब्दशः पाळावा लागतो. कठीण मुरूम लागेपर्यंत खणले, आणि निघालेली काळी माती बाहेर न देता परसात पसरली. तीत आज पेरू, शेवगा आणि अळू आहे.

छताची गोष्ट सांगण्याजोगी आहे. स्लॅबच्या खालच्या अंगाला ताण बसतो आणि ताण सोसावयास काँक्रीट दुबळे. तो भार सळईच उचलते. मग तिथले काही काँक्रीट काढून त्याजागी हलके काही घातले तर बिघडत नाही. बेकर तिथे जुनी कौले घालीत. गावात एक जुने घर उतरवीत होते, त्याची मंगलोरी कौले आम्ही घेतली. ही कौले घडविण्याचा कारखाना मंगळुरास प्रथम काढला तो १८६५ साली बासेल मिशनने, हे आम्हांस तेव्हाच कळले. दोन-दोन कौले पोटाशी पोट लावून सळ्यांच्या चौकटींत बसविली. काँक्रीट सुमारे पाचवा हिस्सा वाचले, आणि आता बिछान्यावर पडल्यावर छतात कौलांच्या लाल चौकोनांची रांग दिसते. त्याच उतरविलेल्या घराच्या सागवानी चौकटी आमच्या दाराखिडक्यांना लागल्या. घरधन्यांना आम्ही दार पाहावयास बोलाविले. त्यांनी उंबऱ्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

राहू लागल्यानंतरचा हिशोब थोडक्यात सांगतो. पश्चिमेला न्हाणी आणि कोठीची खोली असल्याने दुपारचे ऊन त्यांच्यावर जाते. गच्चीवर दर उन्हाळ्यापूर्वी चुना मारतो. शंभर मिलिमीटर पाऊस पडला की आमच्या गच्चीवर सुमारे आठ हजार लिटर पाणी येते. ते जमिनीखालच्या टाकीत जाते, वरचे बोअरपाशी मुरते. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारची सूर्यघर योजना आली. तिच्यातून साठ हजारांचे अनुदान घेऊन दोन किलोवॅटचे पॅनेल बसविले. स्वच्छ उन्हाच्या दिवशी आठेक युनिट वीज होते आणि आम्हां दोघांना ती पुरून उरते. अंगणात फरशी घातलेली नाही. पावसाळ्यात चिखल होतो आणि पाहुणे कुरकुरतात.

इस्लामपुरात गच्च्यांवरून नजर फिरविली तर बहुतेक घरांच्या डोक्यावर गंजलेल्या सळ्या उभ्या दिसतात. पुढे कधीतरी चढावयाच्या मजल्याच्या त्या खुणा. आमच्या गच्चीवर तशा सळ्या नाहीत. नवीन ओळख झालेला माणूस वर आला की हमखास विचारतो, “आणि वरचा मजला?” तो होणार नाही असे सांगितले की पैशाची अडचण असावी असे समजून तो विषय बदलतो. आम्हीही बदलू देतो.

मळी विकणाऱ्या त्या शेतकऱ्यांच्या घरातला आजार दोन वर्षे चालला आणि मग संपला. खोल झालेल्या रानात त्यांनी ऊस लावला होता. पाणी साचून त्याची मुळे कुजली. गेल्या उन्हाळ्यात भेटले तेव्हा खड्डा भरून घ्यावयाच्या खटपटीत होते. मळी परत मिळत नाही, म्हणून मुरुमाचे टिपर सांगितले होते. मुरूम कुठला, असे आम्ही विचारले. त्यांनी पश्चिमेच्या डोंगराकडे हात केला.